सभागृहाचं पार्किंग आणि शेजारचं आवार: इंदुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

जुन्या इंदुरात, राजवाड्यापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, एका मराठी सार्वजनिक न्यासाचं सभागृह आहे. न्यासाचं आणि वस्तीचं नाव इथे देत नाही, कारण या प्रकरणातली सगळी मंडळी आजही एकमेकांचे शेजारी आहेत आणि रोज एकमेकांच्या दारावरून जातात. जुनं सभागृह साठच्या दशकातलं होतं: लोखंडी कैच्यांवर पत्रे, पुढे फरसबंद अंगण, कोपऱ्यात कडुनिंब. गणेशोत्सवातली व्याख्यानं, कोजागिरी, शारदोत्सव, मुंजी, बारशी, लग्नं, शोकसभा, सगळं तिथेच व्हायचं. भूखंड ३२ मीटर रुंद आणि ३६ मीटर खोल. छत गळायला लागलं तेव्हा विश्वस्तांनी नवी इमारत बांधायचं ठरवलं आणि नकाशाचं काम माझ्याकडे आलं. मी व्यवसायाने वास्तुविशारद आहे.

भिंतीला भिंत लागून चार मजल्यांची एक व्यापारी इमारत आहे. खाली स्टिल्ट, म्हणजे खांबांवरच्या इमारतीखालची गाड्या लावायची मोकळी जागा, तळमजल्याच्या दर्शनी भागात बँक, वर दोन सीएंची ऑफिसं, विम्याची एक शाखा, दातांचा दवाखाना. मालक हिंदीभाषक व्यापारी कुटुंबातले. सगळी गल्ली त्यांना सेठजी म्हणते. न्यासाचे सचिव, ज्यांना आम्ही सचिवकाका म्हणतो, त्यांचा आणि सेठजींचा तीस वर्षांचा घरोबा. दिवाळीत फराळाचं ताट जायचं आणि परत येताना त्यात मिठाई असायची. या घरोब्यामुळे करार झाला. पुढे तो अडचणीत आला तोही काहीसा या घरोब्यावर विसंबल्यामुळेच.

अडचण

अडचणी दोन होत्या, एक कागदावरची आणि एक रस्त्यावरची. दोन्ही वेगळ्या आहेत हे आम्हाला नीट कळायला बराच वेळ लागला.

कागदावरची आधी सांगते. मध्य प्रदेशात बांधकामाचा नकाशा मध्य प्रदेश भूमी विकास नियम, २०१२ प्रमाणे तपासला जातो. त्यात पार्किंगची गरज ईसीएसमध्ये, म्हणजे एका मोटारीएवढ्या जागेच्या मापात मोजतात. इमारतीचा वापर काय आणि बांधकाम किती, यावरून आकडा निघतो, आणि तेवढ्या जागा आपल्याच भूखंडावर दाखवायच्या असतात. विश्वस्तांच्या मनात ४०० आसनांचं सभागृह होतं आणि त्यावर जेवणाचा स्वतंत्र हॉल. माझ्या हिशेबाने त्याला ३८ जागा लागत होत्या. स्टिल्ट आणि मोकळं आवार मिळून बसत होत्या २४.

रस्त्यावरची अडचण मी स्वतः उभी राहून पाहिली. गणपतीत एका व्याख्यानाच्या संध्याकाळी साडेसातला नऊ मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मोटारी लागल्या होत्या आणि मधून एकच रिक्षा जाईल एवढी वाट उरली होती. समोरच्या वाड्यातल्या एक आजी डायलिसिसहून परतत होत्या. त्यांच्या मुलाने गाडी चौकात थांबवली आणि आजींना हाताला धरून शेवटचं शंभर पावलांचं अंतर चालवत आणलं. व्याख्यान ऐकायला आलेली माणसं बाजूला सरकून वाट देत होती, हळहळत होती, पण सरकवायला हव्या होत्या मोटारी, आणि त्यांचे मालक आत बसले होते. त्याच वेळी भिंतीपलीकडे सेठजींच्या स्टिल्टमध्ये दिवे मालवलेले होते आणि मोजून सहा गाड्या उभ्या होत्या. हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पुढचं सगळं काम मी त्या संध्याकाळसाठी केलं असं म्हटलं तरी चालेल.

मोजणी

आम्ही गाड्या मोजायचं ठरवलं. दोन्ही चौकीदारांना शंभर पानी वह्या दिल्या आणि सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत दर तासाला आपल्या आवारात आणि समोरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांचा आकडा लिहायला सांगितला. तीन आठवडे हे चाललं. मोटारी एका रकान्यात, दुचाकी दुसऱ्या.

सेठजींच्या इमारतीत ३४ मोटारींची जागा. कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते पाच आत तीसेक गाड्या आणि बाहेर रस्त्यावर आणखी पंधरा, म्हणजे खरी मागणी ४५. संध्याकाळी साडेसातला उरायच्या सहा, रविवारी दोन-तीन. सभागृहाचं उलट: दिवसा तीन-चार गाड्या, मोठ्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी ४५. दोन्ही इमारतींनी आपापल्या सर्वांत गर्दीच्या वेळेची सोय वेगवेगळी करायची म्हटली तर ९० जागा हव्यात. पण घड्याळ समोर ठेवून दोन्ही वह्या शेजारी मांडल्या की दुपारी ४५ आणि ४, म्हणजे ४९. संध्याकाळी ६ आणि ४५, म्हणजे ५१. दोन्हीकडच्या मिळून जागा ५८. बँकेच्या मागच्या दाराजवळच्या चार जागा बँकेने कधीच सोडल्या नसत्या. त्या वगळल्या तरी ५४ उरतात.

विश्वस्तांच्या बैठकीत हे सांगताना मी तक्ता काढला, पण समजलं ते सचिवकाकांच्या एका वाक्याने. ते म्हणाले, "अहो, आपला सराफा काय आहे मग? दिवसा सोनं, रात्री गराडू. ओटा तोच." सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर आणि पुढच्या रस्त्यावर खाण्याचा बाजार भरतो, हे इंदूरच्या लहान मुलालाही माहीत आहे. कुरबुरी तिथेही होतात. तरीही एकच जागा दोन धंद्यांना दोन वेळी पुरते, ही गोष्ट या शहराला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

दुचाकींबद्दल इथेच सांगून टाकते. इंदूरची खरी वाहतूक दुचाकींची आहे. कार्यक्रमाला ऐंशी दुचाकी येत होत्या आणि त्यांची सोय आधी केली नसती, तर मोटारींचा सगळा हिशेब त्यांच्या खाली गेला असता. एका मोटारीच्या अडीच बाय पाच मीटर जागेत सहा दुचाकी उभ्या राहतात, पण त्यासाठी मोटारीची जागा मोडायची कशाला? सभागृहाच्या एका बाजूच्या मोकळ्या पट्टीत ४५ आणि सेठजींच्या बाजूच्या पट्टीत ४० बसतील अशी आखणी मी फक्की आणि दोरीने प्रत्यक्ष जमिनीवर करून दाखवली. सभागृहाच्या दुसऱ्या बाजूची पट्टी अग्निशमनाच्या गाडीसाठी मोकळी ठेवली आणि ती कधीही वापरायची नाही हे तेव्हाच ठरलं.

समोरचे पर्याय

सर्वांत आधी सगळ्यांच्या तोंडी आलं ते तळघर. विश्वस्तांपैकी दोघांना ते फार हवं होतं. तळघर साडेतीन मीटर खोल धरलं आणि रॅम्पचा उतार एकास आठ ठेवला तरी रॅम्प २८ मीटर लांब होतो. भूखंडाची खोलीच ३६. म्हणजे १४ जागा मिळवायला खणायचं आणि त्यातला मोठा हिस्सा रॅम्पलाच द्यायचा. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शेजारच्या जुन्या वाड्याचा पाया दीड मीटरवर. शिवाय ज्येष्ठ विश्वस्त ताई स्पष्ट म्हणाल्या, की दहा वर्षांनी तळघरात गाड्या नसतील, खुर्च्या आणि मांडवाचं सामान असेल. त्यांचं म्हणणं खरं होतं. पार्किंग म्हणून मंजूर झालेली तळघरं गोदामं आणि दुकानं होतात, हे या शहरात सगळ्यांनी पाहिलं आहे.

यांत्रिक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाडी उचलणारी यंत्रं, मी स्वतः फेटाळली. ऑफिसात गाड्या सुट्या सुट्या निघतात. सभागृहात पसायदान झालं की तीनशे माणसं वीस मिनिटांत बाहेर येतात, आणि वरची गाडी काढायला खालची आधी हलवावी लागते.

रस्त्यापलीकडची जागा विकत घेण्याइतका न्यासाकडे पैसा नव्हता. सभागृह लहान करणं हा पर्याय कुणालाच आवडत नव्हता.

उरली शेजारची जागा. तिचा कागदावर उपयोग होईल का, हे आम्ही मनापासून तपासलं. राष्ट्रीय भवन संहितेत अशी तरतूद आहे, की काही मालमत्ताधारकांच्या गटाने परस्परांच्या सोयीसाठी मिळून पार्किंगची जागा उपलब्ध केली, तर प्राधिकरणाच्या संमतीने ती त्यांची पार्किंगची गरज भागवणारी मानता येते. संहिता मार्गदर्शक आहे, आणि संमती देणं किंवा न देणं प्राधिकरणाच्या हाती आहे. भवन अनुज्ञेच्या, म्हणजे बांधकामाला परवानगी देणाऱ्या विभागाच्या, टेबलावर मी संहितेतलं ते कलम आणि तासावारीचा तक्ता दोन्ही ठेवले. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "इमारत पन्नास वर्षं उभी राहणार. शेजाऱ्याचा करार किती वर्षांचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही मला वाटतं, की या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता. तो अडवणुकीसाठी विचारलेला नव्हता.

त्यामुळे आम्ही दोन्ही अडचणी वेगळ्या केल्या. नकाशासाठी जेवणाचा वेगळा हॉल काढून टाकला, आसनं ४०० वरून ३०० केली आणि २४ जागांत बसणारा प्रस्ताव दिला. तो मंजूर झाला. रस्त्यावरच्या अडचणीसाठी सेठजींशी वेगळा करार करायचं ठरलं. कागदावरच्या २४ जागांनी त्या आजींची वाट मोकळी झाली नसती.

करार

करार लिहिताना तीन गोष्टी मुदतीच्या आड आल्या. एक, नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून आपल्याकडे जो तो अकरा महिन्यांचा कागद करतो. पण अकरा महिन्यांनी दरवेळी नव्याने मनधरणी करायची, तर ती सोय कसली? दोन, मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ प्रमाणे न्यासाची बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर निबंधकांची पूर्वपरवानगी लागते. आमचा व्यवहार दुतर्फी होता. दिवसा सभागृहाचं आवार सेठजींच्या लोकांना, संध्याकाळी आणि रविवारी त्यांचा स्टिल्ट आमच्या लोकांना. भाडेपट्टा नसला तरी वकिलांनी सावधगिरीने तीन वर्षांच्या आत राहायला सांगितलं. तीन, सेठजींना जमिनीवर कायमचा बोजा नको होता, आणि ते त्यांच्या जागी बरोबर होते.

शेवटी तीन वर्षांचा परवाना-करार, म्हणजे जागेवर हक्क न देता फक्त वापरायची परवानगी देणारा करार, झाला आणि तो नोंदवला. भाडं कुणीच कुणाला द्यायचं नाही. रात्रीच्या एका चौकीदाराचा पगार, दिवे आणि दोन कॅमेरे यांचा खर्च निम्मा निम्मा. गाडीला ओरखडा आला तर ती ज्याच्या आवारात उभी होती त्याची जबाबदारी नाही, ज्याच्या पाहुण्याने धक्का दिला त्याची. बँकेच्या चार जागा पिवळ्या रंगाने आखून कायमच्या वगळल्या. संध्याकाळचा हक्क साडेसहाला सुरू, कारण साडेपाच ते साडेसहा हा एक तास दोन्हीकडची वाहनं एकमेकांत येतात हे वहीत दिसलं होतं; त्यासाठी न्यासाने सगळे संध्याकाळचे कार्यक्रम सातच्या आधी सुरू करायचे नाहीत असं ठरवलं.

मग आम्ही मधल्या कुंपणाच्या भिंतीत चार मीटरचं भगदाड पाडून तिथे साखळी लावली.

पहिली संध्याकाळ, कोजागिरीची. साडेसहाला माणसं गाड्या घेऊन आली आणि साखळीला कुलूप. किल्ली सेठजींच्या दिवसाच्या चौकीदाराकडे, आणि तो गावी निघालेला. फोन लावला तर बसच्या आवाजातून त्याचं उत्तर आलं, "चाबी तो मेरे पास रह गई, बाबूजी." त्या रात्री दूध आटवायला ठेवलं होतं, चांदणं सुरेख पडलं होतं, आणि रस्ता पूर्वीसारखाच तुंबला. दुसऱ्या दिवशी सचिवकाकांनी दुसरं कुलूप आणलं. दोन्ही कुलपं एकमेकांच्या कडीत अडकवून साखळीची टोकं जोडली: कुणीही आपलं कुलूप काढलं की साखळी मोकळी. शेतावरच्या फाटकांना अशी जोडकुलपं असतात. एवढ्या चर्चा, तक्ते, नोंदणी, आणि किल्ली कुणाकडे हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. तेव्हापासून दोन्ही चौकीदारांच्या खोलीत किल्ली एका खिळ्याला टांगलेली असते आणि तिच्याखाली तासांचा तक्ता चिकटवलेला आहे.

काय चुकलं

पहिलं मोठं चुकणं माझं होतं. मोजणी आम्ही आषाढात सुरू केली आणि श्रावणात संपवली. चातुर्मास. लग्नाचा एकही मुहूर्त नाही. त्यामुळे वहीत सभागृहाची गर्दी फक्त संध्याकाळची दिसली, आणि मी तो आकडा सभागृहाचा वर्षभराचा स्वभाव समजून हिशेब मांडला.

तुळशीचं लग्न झालं आणि मुहूर्त सुरू झाले. इंदुरात बहुतेक लग्नं रात्रीची असतात, वरात, रोषणाई, रात्री जेवण. आपली लग्नं मात्र सकाळची. साडेबारा-पाऊणचा मुहूर्त, दहापासून पाहुणे, दोनपर्यंत पंगती. आणि मुहूर्त रविवारीच येईल असं नाही. एका बुधवारी सभागृहात लग्न होतं. बाराच्या सुमाराला वधूपक्षाच्या चाळीस मोटारी आणि सेठजींच्या इमारतीच्या ४५, एकूण ८५, जागा ५४. आवारात सेठजींच्या भाडेकरूंच्या गाड्या आमच्याच करारानुसार हक्काने उभ्या होत्या. नवरदेवाची गाडी चौकात अडकली. अक्षता वाटून झाल्या आणि मामा नवरीला घेऊन अंतरपाटापाशी उभे राहिले, तरी नवरदेवाची आत्या अजून बाहेर गाडीत होती. मंगलाष्टकं थांबवता येत नाहीत. सचिवकाका त्या दिवशी वधूच्या वडिलांपुढे हात जोडून उभे होते. मी पाहिलं, आणि मला रात्रभर झोप आली नाही.

सार्वजनिक सभागृह म्हणजे संध्याकाळ आणि सुट्टी, असं सामाईक पार्किंगच्या तयार कोष्टकात धरलेलं असतं. अमेरिकेत १९२३ साली ओहायोतल्या कोलंबसने अपार्टमेंटांना पार्किंग सक्तीचं केलं आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. वेगवेगळ्या वापरांची गर्दी वेगवेगळ्या तासांना होते, हे मांडणारा अर्बन लँड इन्स्टिट्यूटचा सामाईक पार्किंगचा अभ्यास तिथे १९८३ साली आला. तिथल्या अनेक शहरांच्या नियमांत आता अशी सोय आहे: दोन मालकांनी तासवार तक्ता द्यावा, जागा चालण्याच्या अंतरात असावी, आणि करार जमिनीच्या नोंदीत चढवावा, म्हणजे मालक बदलला तरी तो टिकतो. विचार उत्तम आहे. पण तक्त्यातले तास तिथल्या माणसांच्या दिनक्रमाचे. आपल्या तक्त्यात पंचांग हवं.

दुसरं टोचणारं गणित मार्चअखेरचं. सीएंच्या ऑफिसांत ३१ मार्चला, ३१ जुलैच्या विवरणपत्रांच्या आठवड्यात आणि सप्टेंबरच्या शेवटी रात्री दहापर्यंत माणसं बसतात. गुढीपाडवा मार्चअखेरीला आला किंवा गणपती सप्टेंबरात उशिरा आले, की संध्याकाळच्या सहा गाड्यांच्या वीस होतात. हे दिवस आधी माहीत असतात. आम्ही विचारलंच नव्हतं.

सावरलं कसं

बुधवारच्या त्या लग्नानंतर न्यासापुढे तीन वाटा होत्या: कामाच्या दिवशी सकाळची लग्नं बंद करायची, सेठजींना दिलेला दिवसाचा हक्क कमी करायचा, किंवा तिसरी जागा शोधायची. पहिली वाट न्यासाच्या मूळ हेतूच्याच आड येत होती. दुसरी करायची म्हणजे ज्या माणसाने भिंत पाडू दिली त्याचा शब्द मोडायचा.

तिसरी वाट एका विश्वस्ताच्या सुनेने सुचवली. तीनशे मीटरवर एक मॅरेज गार्डन आहे. तिथे लग्नं रात्रीची. सकाळी मैदानात फक्त झाडलोट आणि कनात उतरवणारे मजूर. तिथल्या व्यवस्थापकांना आमचा सराफ्याचा दाखला लगेच पटला. त्यांची सकाळ आम्हाला, आणि त्यांच्या मोठ्या रात्रींना सभागृहात कार्यक्रम नसेल तेव्हा आमचं आवार त्यांना. पाहुण्यांनी तीनशे मीटर चालायचं का, यावर वाद झाला. नऊवारी नेसलेल्या मावश्या आणि गुडघेदुखीवाले काका चालणार नाहीत, हे मान्य. म्हणून लग्नाच्या दिवशी दोन ई-रिक्षा फेऱ्या मारतात, त्यांचं भाडं हॉलच्या भाड्यात धरलेलं असतं. दारात गाडी थांबवून माणसं उतरवायची आणि गाडी गार्डनला पाठवायची, यासाठी न्यासाचे दोन कार्यकर्ते फाटकावर शिट्टी घेऊन उभे असतात. निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या बाजूला नकाशा छापायला यजमानांना सांगतात. बहुतेक जण छापतात.

सीएंच्या तारखांचं सोपं होतं. आता दर फाल्गुनात सचिवकाका पंचांग घेऊन वर जातात आणि सीए आपली डायरी काढतात. वर्षातले पंधरा-सोळा दिवस लाल शाईने मांडले जातात.

मग तिसरा धक्का बसला, आणि तो सर्वांत खोल होता. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सेठजींनी प्रकृतीमुळे वरचे दोन मजले आणि त्यासोबत स्टिल्टमधला निम्मा हिस्सा विकला. नवे मालक भले गृहस्थ आहेत, पण त्यांनी करार वाचून सरळ सांगितलं, की यावर त्यांची सही नाही. वकिलांनी आम्हाला कायदा दाखवला: भारतीय सुखाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५९ प्रमाणे परवाना देणाऱ्याने मालमत्ता विकली, तर नवा मालक त्या परवान्याने बांधला जात नाही. अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न पुन्हा माझ्यापुढे उभा राहिला. आमचा करार दोन जमिनींमधला नव्हताच. तो दोन माणसांमधला होता, आणि त्यातला एक माणूस बाजूला झाला होता.

दोन महिने साखळी एका बाजूने बंद राहिली. त्या काळात झालेल्या एका शोकसभेला रस्ता पुन्हा तुंबला. शेवटी सेठजी स्वतः, काठी टेकत, नव्या मालकांना सभागृहात घेऊन आले. नव्या मालकांना दिवसा भाडेकरूंच्या अशिलांसाठी जागा हवीच होती. आवारातल्या वीस जागांचा दिवसाचा हक्क त्यांना मोलाचा वाटला. शनिवार दुपार मात्र त्यांनी स्वतःकडे मागून घेतली. कराराला पुरवणी जोडली गेली.

आज करायचं तर

मोजणी वर्षातून दोनदा करीन, एकदा चातुर्मासात आणि एकदा मार्गशीर्षात. प्रत्येक वापरकर्त्याला एकच प्रश्न विचारीन: तुमचे वर्षातले सर्वांत उशिराचे दिवस कोणते?

कराराला सुरुवातीपासून सुखाधिकाराचं, म्हणजे शेजारच्या जमिनीच्या ठरावीक वापराच्या हक्काचं, रूप देण्याचा प्रयत्न करीन, म्हणजे तो दोन्ही भूखंडांना चिकटेल. न्यासाने त्यासाठी निबंधकांची परवानगी आधीच मागावी, वेळ लागला तरी. सेठजी तेव्हा कदाचित नाही म्हणाले असते. ते आधीच कळणं परवडलं असतं.

आणि भवन अनुज्ञेच्या टेबलावर रिकाम्या हाताने जाणार नाही. त्या दिवशीच्या प्रश्नाला नियमातच उत्तर असायला हवं, असं मला कळकळीने वाटतं: दोन भूखंडांचा नोंदणीकृत, दोन्ही नकाशांवर शेरा मारलेला सामाईक पार्किंगचा करार असेल तर तेवढी सवलत, करार मोडला तर ठरावीक महिन्यांत जागा दुसरीकडे दाखवायची, नाहीतर भोगवटा थांबेल. अशी सोय असती तर आमचा जेवणाचा हॉल राहिला असता आणि पंगती आज मांडवात, कडुनिंबाखाली, पावसाच्या भीतीने घाईघाईत उठल्या नसत्या. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही पार्किंग शहराची मौल्यवान जमीन खातं हे मान्य केलेलं आहे. नकाशा तपासताना मात्र आपण फक्त चौरस मीटर मोजतो, आणि रात्री आठला रिकामा असलेला स्टिल्ट कुणाच्याच हिशेबात येत नाही.

सध्याची स्थिती

मूळ कराराची मुदत येत्या तुळशीच्या लग्नापाशी संपते. नवा मसुदा तयार आहे. त्यात तासांचा तक्ता, लाल शाईचे दिवस आणि किल्लीचं कलम पहिल्याच पानावर आहे. न्यासाचा निबंधकांकडचा अर्ज गेला आहे. नव्या मालकांनी मसुदा वकिलांकडे दिला आहे आणि सुखाधिकाराच्या कलमाखाली पेन्सिलीने रेघ मारून परत पाठवला आहे. सेठजींचा निम्मा हिस्सा अजून त्यांच्याच नावावर आहे, त्यांची सही झाली आहे. समोरच्या वाड्यातल्या आजींची गाडी गेल्या गणपतीत दहाही दिवस दारापर्यंत आली.